पाठमोरी

भागिरथाबाई मोठ्या बाईंनी चेलनाचं नाव शाळेतून काढलं ते अगदी मायेनं. राजमतीला त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ती चहा घेत नाही हे आठवल्यावर परतही पाठवला.

"हे पाहा राजमतीबाई, मी पोरीले वाईट नाई म्हणत. पण वर्गात बसली की भिंतीकडं तोंड. आमच्या बाई इकडं शिकवून राह्यल्या, हे तिकडं पाहून राह्यली. आता बाकीच्या पोरी म्हणतात, बाई, आमीबी फिरून बसू का? शाळा अशी चालते काय?"

"नाई चालत," राजमती हळूच म्हणाली. तिचा आवाजच असा होता की समोरच्याला वाटावं, आपण उगीच मोठ्यानं बोललो.

"आन् घंटा! घंटा झाली की कानावर हात ठेवून असं किंचाळते, असं किंचाळते, की आमचा शिपाई आता घंटा वाजवालेच भेते. तिच्यापायी घंटा बंद करू काय?"

घंटा म्हणजे आवारातल्या लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की राजमतीच्याही छातीत धस्स होई. पण एका पोरीसाठी कारंज्यातल्या मुलींच्या शाळेनं घंटा बंद करावी, असं म्हणायची तिची छाती नव्हती. तिनं नमस्कार केला. बाहेर ओसरीच्या खांबाला कपाळ टेकून उभ्या असलेल्या चेलनाचा हात धरला आणि ती घरी आली.

चेलना सात वर्षांची. बोलायची फार थोडं, आणि जे बोलायची ते दुसऱ्याच्याच वाक्याचं शेपूट असे. "जेवतेस का?" विचारलं की "जेवतेस का" म्हणायची. पांढऱ्याशिवाय काही खायची नाही: भात, दूध, ज्वारीच्या लाह्या. वरणाचा थेंब भातावर पडला की ताट बाद. अकोल्याच्या डॉक्टरांनी बुद्धी मंद आहे असं सांगून टॉनिक दिलं. टॉनिक लाल होतं, म्हणून ते बाटलीतच राहिलं. सासूबाईंचं, सुंदरबाईंचं, निदान सोपं होतं.

"हट्टी हाय कार्टी. तुनंच लाडावून ठेवली. एक दिवस उपाशी ठेव, पाय, कशी भाजी खाते ते."

राजमतीनं दोन दिवस ठेवून पाहिलं होतं. पोरीनं भाजी खाल्ली नव्हती. राजमतीनंही त्या दोन दिवसांत अन्न घेतलं नव्हतं, पण तिचं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती नेहमीच काही ना काही सोडत असे. रोज पहाटे मंदिरात देवासमोर उभी राहून ती त्या दिवसाचा नियम घ्यायची. आज तूप नाही. आज गोड नाही. रविवारी मीठ नाही. आणि जे सोडलं ते नेमकं त्याच दिवशी शेजारणीच्या घरून वाटीत येई, हेही तिला आता पाठ झालं होतं.

त्या वर्षी कारंज्यात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्यानं, ओंजळीत. आणि आहाराला निघण्याआधी मनात एक अट धरतात. तिला म्हणतात विधी. अमुक दिसेल त्याच दारी थांबायचं, नाही दिसलं तर मुकाट्यानं परत फिरायचं, त्या दिवशी उपवास. अट काय ते कोणाला सांगत नाहीत. म्हणून शुद्ध कपडे नेसून, पाणी उकळून, स्वयंपाक करून घरंच्या घरं दारात उभी राहतात, आणि महाराज समोर आले की "नमोस्तु, अत्र तिष्ठ" म्हणून थांबायला विनवतात.

लागोपाठ काही दिवस महाराज कोणाच्याच दारी थांबले नाहीत. गल्लीची झोप उडाली. गुलाबचंद शेटजी मंदिराच्या पंचायतीचे अध्यक्ष. त्यांच्या दारात चांदीचा कलश आला, मग कलशावर नारळ, मग नारळावर फूल. कोणी हातात ऊस धरला, कोणी नवं सूप. कोणाला तरी स्वप्न पडलं की विधी दोन सख्ख्या भावांची आहे. झालं! अंगणाच्या भिंतीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोघे भाऊ एका दारात, एका कलशाला हात लावून उभे राहिले. महाराज पुढं निघून गेले, तसे दोघं आपापल्या दारानं आत गेले.

राजमतीच्या घरीही चौका, म्हणजे महाराजांसाठी सोवळा स्वयंपाक, लावला होता. तिचा नवरा अजितकुमार सरकी-ढेपेचा व्यापारी, मऊ माणूस. तो धोतर-उपरणं नेसून उभा, शेजारी सुंदरबाई, मागं राजमती. चेलनाला परसात शेजारच्या लिलाबाईंजवळ ठेवलं होतं. आहार चालू असताना कोणी रडलं-किंचाळलं तर अंतराय होतो, महाराज हातातला घास टाकून बसतात. एवढं पाप कोणी आपल्या दारात का होऊ देईल?

पण लिलाबाईंचा डोळा लागला. पोर बोळातून पुढं आली. घराच्या दर्शनी भिंतीला चातुर्मासासाठी नवा चुना दिला होता, आणि पांढऱ्या गार भिंतीला कपाळ टेकणं यासारखं सुख चेलनाला दुसरं नव्हतं. ती ओट्यावर भिंतीला कपाळ लावून, रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली. सुंदरबाई दातओठ खात तिला ओढायला निघाल्या, तोच महाराज समोर आले.

थांबले.

पुढं काय झालं ते सुंदरबाई मरेपर्यंत सांगत होत्या, दर खेपेला थोडं वाढवून. महाराज आत आले, आहार झाला, निर्विघ्न झाला. चेलना शेवटपर्यंत भिंतीपासून हलली नाही.

दुपारी सभामंडपात गुलाबचंदांनी हात जोडून विचारलं, "महाराज, आजची विधी काय होती?"

महाराज हसले. "या गावात आल्यापासून जो तो माझ्याकडंच पाहतो. मनात आलं, माझ्याकडं पाठ करून कोणी उभं असेल, तर त्याच दारी थांबावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली पाठमोरी उभी होती. चांदीचा कलश, ऊस, नवं सूप, सगळं भिंतीकडं तोंड करून. "नमोस्तु, नमोस्तु," भिंतींना ऐकू येत होतं. महाराज कधी आले, कुठं गेले, हे कोणालाच दिसलं नाही. विधी रोज बदलते एवढं साधं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. महाराजांचा आहार झाला लिलाबाईंच्या घरी. त्यांच्या कानी ही गोष्टच गेली नव्हती, आणि त्या आपल्या नेहमीसारख्या रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या.

पण चेलनाचं नाव व्हायचं ते झालं.

"जन्मापासून पांढऱ्याशिवाय खात नाई माय," सुंदरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. "रसत्याग म्हणतात त्याले. आन् बोलणं? मौनच हाय. मागल्या जन्मीचं काईतरी राह्यलं असन, ते पुरं कराले आली." हट्ट, मुकेपणा, बापाच्या नशिबाचे भोग, हे जुने शब्द घरातून पितळी भांड्यांसारखे माळ्यावर गेले.

भागिरथाबाईसुद्धा पेढे घेऊन आल्या. "आमच्याच शाळेची विद्यार्थिनी! आता तिनं कोन्या भिंतीकडं तोंड करावं ते तिचं तिनं ठरवावं."

"आन् घंटा?" राजमतीनं विचारलं.

"घंटेचं मात्र बाप्पा, सरकारी काम हाय."

आणि मग गुलाबचंद आले. खास खुर्चीवर बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, "अजितकुमार, पोरगी आता तुमची एकट्याची राह्यली नाई, समाजाची झाली. दक्षिणेत मोठा श्राविकाश्रम हाय. सारा खर्च माझा. तिथं शिकन, ब्रह्मचारिणी होईन, पुढं दीक्षा घेईन. कारंज्याचं नाव निघन."

सुंदरबाईंनी डोळ्याला पदर लावला. अजितकुमार खाली मान घालून "आपली कृपा" म्हणाला.

"शेटजी," राजमती दाराआडून म्हणाली, "तिथं पोरी कशा राहतात?"

"एका दालनात साऱ्या. लय शिस्त! पहाटे उठल्यापासून तं रात्री निजेपर्यंत सारं घंटेवर चालते."

दिवे लागायच्या आत जेवणं उरकली, तेव्हा राजमती नवऱ्याला म्हणाली, "अवो, तिले नका पाठवू."

"काहून?"

"ते व्रत नाई हो. मी रोज नियम घेतो, मले माहीत हाय. तूप सोडलं तरी मनात येते, एक थेंब घेतला तं कोण पायते? घेता येत असून नाई घ्यायचं, त्याले व्रत म्हणतात. तिले घेताच येत नाई. ती मोडूच शकत नाई, तं पाळन काय?"

अजितकुमारनं दातातली काडी काढून टाकली. मग म्हणाला ते अगदी हळू म्हणाला. "इथं लोकं तिले येडी म्हणत होते. माझ्या दुकानात गिऱ्हाईक हसून जायचं. तिथं तिच्या पाया पडतीन. मी मेलो, तू मेली, मंग तिचं कोण? तू सांग, काय बरं हाय? येडी बरी का साध्वी बरी?"

नवऱ्यानं तो प्रश्न लेकीच्या मायेनंच विचारला होता, म्हणून तर तो जास्त अवघड होता.

दोनच दिवसांनी गावातल्या बायका चेलनाच्या दर्शनाला आल्या. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी आपलं आजारी नातवंड. चेलना कोपऱ्यात भिंतीला चिकटली. तेवढ्यात एका उत्साही बाईनं पूजेच्या ताटातली घंटा उचलून तिच्या कानाशी वाजवली.

किंकाळी थेट मंदिरापर्यंत गेली म्हणतात. पोर बायकांच्या पायांतून वाट काढत जी पळाली ती दिसेनाशी झाली. गुलाबचंदांची माणसं मंदिरांत शोधू लागली, कारण असं बालक जाणार कुठं? राजमती मात्र जिकडं कुठं शांत असेल तिकडं पाहत निघाली. धान्यबाजाराच्या मागं, नाला ओलांडून, बौद्धवस्तीपाशी आली. तिथं विहाराला लागून टिनाची एक खोली होती. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. राजमतीनं दारातून डोकावलं.

एकच खोली, दोन वर्ग. पहिली आणि दुसरी. जागा नाही म्हणून दोन्ही वर्ग पाठीला पाठ लावून बसलेले. पहिलीचं तोंड पूर्वेच्या फळ्याकडं, दुसरीचं पश्चिमेच्या. मधल्या फटीतून एक तरणी मास्तरीण इकडून तिकडं फिरत होती. आणि पहिलीच्या रांगेत, पहिलीच्या फळ्याकडं पाठ करून, चेलना बसली होती. समोर दुसरीच्या पोरांच्या पाठी, त्यांच्या पलीकडं दुसरीचा फळा. हातात कोणाची तरी पाटी.

मास्तरीण बाहेर आली. बेबीताई तिचं नाव, अनसिंग गावची. "तुमची हाय का हे? आली आन् बसली. मी म्हटलं, बसू द्या."

"ती पाठ करून बसते," राजमती ओशाळून म्हणाली.

"मंग? पहिलीत बसवली तं दुसरीकडं पायते. तिकडंबी मीच शिकवतो. मले काय फरक पडते?"

"घंटा नाई का तुमच्या शाळेत?"

"घंटा!" बेबीताई हसली. "घंटा मागून मागून माझं तोंड दुखलं, बाई. नगरपालिकेनं टिनं दिले ते नशीब. शाळा सुटाची येळ पोट्टे सावली पाहून ओळखतात."

तेवढ्यात चेलना उठली, दाराजवळच्या रांजणातून ओगराळ्यानं पाणी घेतलं, घटाघटा प्याली आणि जागेवर जाऊन बसली. राजमतीचा हात आपोआप पदराशी गेला. बेबीताईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काहून, विटाळ झाला काय?"

"नाई नाई," राजमती घाईनं म्हणाली. पण खोटं बोलायचं नाही हा तर तिचा जन्माचा नियम. "पाणी गाळलेलं नसन, आमी गाळल्याबिगर पेत नाई, असं मनात आलं."

"रांजणाच्या तोंडाले फडकं बांधलं हाय, ते काय शोभेसाठी?" बेबीताई म्हणाली. "तुमचा शब्द चालते काय घरी, का नुसतं पाहून जासान? नाव घालाचं असन तं घालतो. पण मंग तुमच्या गल्लीतले शेटलोकं मले जाब विचाराले येतीन. त्यांले मी काय सांगू?"

आपला शब्द घरी चालत नाही हे राजमतीला ठाऊक होतं. घरी चालत होते ते फक्त तिचे नियम. ती काय खाणार नाही, यात आजवर सुंदरबाईंनीही तोंड घातलं नव्हतं. ज्यानं नियम घेतला त्याला तो मोडायला सांगणं हे सांगणाऱ्याचं पाप, एवढं गल्लीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

त्या रविवारी सभामंडप भरला. गुलाबचंदांनी आश्रमाची घोषणा करायची, चेलनाच्या आईबापांना हार घालायचे, असं ठरलं होतं. प्रवचन झालं. प्रवचनानंतर ज्याला वाटेल त्यानं उठून महाराजांकडून नियम घ्यायचा, ही तिथली रीत. कोणी बिडी सोडली, कोणी चातुर्मासापुरतं हिरवं सोडलं. गुलाबचंद घोषणेसाठी खाकरले, आणि त्यांच्याआधी बायकांतून राजमती श्रीफळ घेऊन उठली.

"महाराज, मले नियम द्या."

"कोणता, बाई?"

"माझी पोरगी जोवर शिकते, तोवर रोज तिले मी माझ्या पायानं शाळेत पोचवीन आन् माझ्या हातानं धरून घरी आणीन. ते केल्याबिगर अन्न घेणार नाई."

एवढं लांब वाक्य राजमती चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. बायकांनी जयजयकार केला. सर्वांत मोठा आवाज गुलाबचंदांचा. एवढ्या धर्मशील घरात आपण हात घातला याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. जयजयकार संपता संपता त्यांचा हात तसाच वर राहिला, आणि तोंड हळूहळू मिटलं.

"पण महाराज," ते म्हणाले, "आश्रम तं लय दूर..."

महाराजांनी राजमतीकडं पाहिलं. "नियम जड आहे. निभेल?"

"निभन."

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. झालं. आता आश्रमात पोर पाठवायची म्हणजे आईला उपाशी मारायचं. गुलाबचंदांनी तयार ठेवलेले हार गड्याकडं परत दिले.

राजमती घरी आली ती आनंदात नाही. आजवर तिनं नियम घेतला तो स्वतःला आवरायला. आज पहिल्यांदा दुसऱ्यांना आवरायला घेतला होता. देवाला हे कळल्यावाचून राहणार नाही, असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

सोमवारी ती चेलनाला घेऊन निघाली, तेव्हा सुंदरबाईंनी विचारलं, "भागिरथाबाईच्या शाळेची वाट इकडून व्हय ना?"

"नाल्यापलीकडच्या शाळेत नेऊन राह्यलो."

सुंदरबाई दाराशी धावल्या. "त्या... त्यांच्या शाळेत? गुजरी-बाजारातून? अजित, आयकतं का?"

अजितकुमार बाहेर आला. त्यानं बायकोकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. चेलनाच्या हातात पाटी होती आणि ती उंबऱ्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती. "आई," तो म्हणाला, "नियमात कोणती शाळा ते कुठं सांगतलं होतं?" एवढं बोलून तो घाईघाईनं दुकानात गेला. लग्नानंतर आईला त्यानं दिलेलं हे पहिलंच उलट उत्तर.

गल्लीत आठवडाभर कुजबुज झाली. पण पाठमोऱ्या पोरीत महाराजांचा संकेत होता, तर याच्यातही काही असेल, असं हळूहळू ठरत गेलं. एका शेटाणीनं बेबीताईला निरोपही पाठवला, आमच्या नातीला घेता का म्हणून. "जागा नाई," असा उलट निरोप आला.

आणि मग पुढचा रविवार आला.

पहाटे मंदिरात मीठ सोडताना राजमतीच्या एकदम लक्षात आलं. रविवारी शाळा नसते! आणि ती नियमात म्हणाली होती, रोज. ज्या दिवशी शाळा नाही त्या दिवशी पोचवणं नाही, पोचवणं नाही तर अन्न नाही. रविवार निभेल. पण पुढं दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. उन्हाळ्याच्या होत्या. देवाला कळलं होतं तर.

"महाराजांले विचार, सूट देतीन," अजितकुमार म्हणाला.

"घेतला तसा पाळीन," राजमती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

नेहमीची वेळ झाली, तशी चेलना पाटी घेऊन दारात उभी राहिली. तिला रविवार समजावला. "रविवार," ती म्हणाली, आणि उभीच राहिली. सुंदरबाईंनी लाह्या दिल्या, त्याही पाटीवर ठेवून उभी राहिली. शेवटी राजमतीनं पदर खोचला आणि दोघी निघाल्या. वाटेत राजमतीच्या मनात हळूच आलं, की पोचवणं तर झालंच. दाराला हात लावून घरी आणू, मग जेवू. नियम नियमाच्या जागी. ज्या पोरीला व्रत मोडता येत नाही तिनं आपलं व्रत वाचवलं, म्हणून तिला चालता चालता हसूही आलं.

शाळेला कुलूप होतं. चेलना पायरीवर बसली, मांडीवर पाटी घेतली.

"झालं, माय. चाल, घरी जाऊ."

"घरी जाऊ," चेलना म्हणाली. हलली नाही. हात धरून उठवलं तर ओरडण्याच्या बेतात आली. राजमतीनं हात सोडला आणि शेजारी टेकली.

बेबीताई बाजाराची पिशवी घेऊन चालली होती. थबकली. "बाई, आज रविवार हाय!"

"माहीत हाय."

"मंग काय करून राह्यल्या इथं?"

राजमतीच्या पोटात कावळे ओरडत होते. तिनं लेकीकडं पाहिलं. चेलना पाटीवर एकाखाली एक रेघा ओढत होती, आणि आज सकाळपासून एकदाही तिनं कानावर हात नेला नव्हता.

"शाळा सुटाची वाट पाहून राह्यलो," राजमती म्हणाली.

बेबीताईनं आभाळाकडं पाहिलं. ऊन अजून डोक्यावरसुद्धा आलं नव्हतं.